मटण शिजतं, वरचा थर खरपूस होतो, मधला बटाटा मात्र कच्चाच: कॅसरोलच्या या दुखण्यावर उतारा

मटण-बटाट्याचा कॅसरोल, म्हणजे भांड्यात थर लावून ओव्हनमध्ये भाजायचा पदार्थ, बाहेर आला, त्यावरचं फॉइल काढलं की वरचा थर असा सोनेरी दिसतो की मुलं ताटं घेऊन थेट ओट्यापाशी येतात. मग डाव आत घालावा तर मधल्या थरातून करकर असा आवाज. चकती तुटत नाही, नुसती सरकते. खाली मटण बोटानं सुटेल इतकं मऊ, वर बटाटा कुरकुरीत, आणि मध्ये कच्च्या पेरूसारखा. आमच्याकडे हे लागोपाठ चार रविवार झालं. चौथ्या रविवारी नवऱ्यानं मधल्या चकत्या कढीपत्ता काढावा तशा एकेक करून ताटाच्या कडेला लावून ठेवल्या. बोलला काही नाही. पण ती रांग बघून मी ठरवलं की आता कारण सापडल्याशिवाय मटण आणायचं नाही.

पदार्थ मूळचा इंग्लंडचा, लँकशायर हॉटपॉट. माझी नणंद बरीच वर्षं प्रेस्टनला असते, तिच्याकडून शिकले. कापडगिरण्यांच्या काळातलं कष्टकऱ्यांचं जेवण ते. मानेचं वगैरे स्वस्त मटण, भरपूर कांदा, वर बटाट्याच्या चकत्यांचं छप्पर. मातीच्या उंच भांड्यात भरून मंद भट्टीत ठेवून द्यायचं, तासन्‌तास कोणी बघायचं नाही. त्या गिरण्या आणि आपल्या गिरणगावातल्या गिरण्या यांचं नातं सगळ्यांना माहीत आहे, पण आपल्या गिरणी कामगाराची भूक खानावळीतल्या बाईनं भागवली आणि तिकडच्याची या भांड्यानं, हा फरक मला नेहमी गंमतीचा वाटतो. असो.

नणंद करते ते साधंच असतं. मटण, कांदा, बटाटा, मीठ, मिरी, एखादं तमालपत्र. आमच्या जिभेला ते आजारी माणसाचं जेवण वाटलं. म्हणून मी सुधारणा केल्या. मटणाला आलं-लसूण आणि दही चोळून ठेवलं, कांद्याबरोबर चार टोमॅटो परतले, शेवटी चव उठावी म्हणून चमचाभर व्हिनेगर. रस्सा झकास झाला. बटाटा रुसला तो तेव्हापासून, पण हे दोन आणि दोन चार मला जमायला महिना गेला.

आधी दोष ओव्हनला दिला. आमचा ओटीजी जुना आहे. आत ठेवायचा थर्मामीटर आणला, तर बटण १८० वर असताना आत १६५ निघाले. झालं, सापडला चोर, असं वाटलं. पुढच्या वेळी बटण पुढे सरकवून बरोबर १८० राखले. बटाटा तसाच. मग वेळ वाढवला. सव्वा तासाचे अडीच तास केले, तर मटणाचे दोरे झाले आणि बटाटा तरी तसाच. मग चकत्या पातळ केल्या, वेफरच्या किसणीवर, उजेडात धरल्या तर पलीकडचं दिसेल इतक्या. त्यांचीही करकर, फक्त बारीक आवाजात.

तेव्हा सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "अगं, वरणात चिंच तू आधी घालतेस का?"

नाही घालत. कोणीच घालत नाही. डाळ शिजायच्या आधी चिंच, आमसूल, टोमॅटो काही पडलं की डाळ घट्ट बसते, हे आपल्याला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असतं. हाच नियम बटाट्याला लागतो हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं, कारण बटाटा आपण बहुतेक वेळा आधी उकडून घेतो किंवा तेलावर परततो. कच्चा बटाटा आंबट रस्स्यात सोडायची वेळ फारशी येत नाही. आणि येते तेव्हा, म्हणजे टोमॅटोच्या रस्साभाजीत, फोडी वाजवीपेक्षा जास्त वेळ घेतात. तेव्हा आपण "बटाटा जुना असेल" म्हणतो आणि गॅस मोठा करतो.

कारण सोपं आहे. बटाट्याच्या पेशी एकमेकींना चिकटून असतात त्या पेक्टिननं. विटांमधल्या चुन्यासारखं समजा. उष्णतेनं हा चुना विरघळतो, विटा सुट्या होतात, म्हणजेच बटाटा मऊ होतो. आंबटपणात हे विरघळणं फार मंदावतं. टोमॅटो आणि दही दोन्हींचा पीएच (आंबटपणाचं माप, ७ च्या जितकं खाली तितकं आंबट) साधारण ४ ते ४.५ च्या घरात. त्यात कच्ची चकती पडली की ती आतून शिजल्यासारखी दिसते, पांढरी जाऊन काचेसारखी अर्धवट पारदर्शक होते, पण दाताखाली करकरते. हे दिसणं फसवं असतं. आतला स्टार्च ६०-६५ अंशांच्या आसपास फुगून शिजलेला असतो, चुना मात्र जागच्या जागी.

विश्वास बसत नसेल तर एक संध्याकाळ घालवा. एकाच बटाट्याच्या सारख्या जाडीच्या आठ चकत्या करा. चार साध्या मिठाच्या पाण्यात, चार त्याच पाण्यात तीन चमचे व्हिनेगर घालून. दोन्ही पातेली शेजारी शेजारी, दोन्ही खळखळ उकळत. मी केलं तेव्हा बाराव्या मिनिटाला साध्या पाण्यातली चकती झाऱ्यावर घेताना दुभंगली. व्हिनेगरमधली मी पंचविसाव्या मिनिटाला बाहेर काढली, चिमटीत धरून वाकवली, तर ती काडकन मोडली. चव ठीकच होती, माझ्या धाकट्यानं मीठ-मिरपूड टाकून सगळ्या संपवल्या. पण माझं काम झालं होतं.

दुसरा गुन्हेगार आणखी छुपा आहे. रविवारी घाई नको म्हणून मी शनिवारी रात्रीच सगळे थर लावून भांडं फ्रिजमध्ये ठेवायचे आणि सकाळी गार भांडं तसंच ओव्हनमध्ये. जाड काच, त्यात तीन किलोचा ऐवज. त्याचा मध्य तापायला तास लागतो, आणि त्यातला बराच वेळ तो ५५ ते ७० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळतो. नेमक्या याच पट्ट्यात बटाट्यातलं एक एन्झाइम जागं होतं आणि पेक्टिनला कॅल्शियमशी बांधून आणखी पक्कं करतं. एकदा अशी गाठ बसली की नंतर ओव्हनमध्ये कितीही वेळ ठेवा, चकती मऊ व्हायचं नाव घेत नाही. म्हणून मंद आचेवर जास्त वेळ ठेवून मी बटाटा शिजवत नव्हते, उलट टणक करत होते. वरचा थर का बचावतो, तर तो थेट झळ खातो आणि हा पट्टा पटकन ओलांडतो.

बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचाही थोडा हात असतो. जड पाण्यात कॅल्शियम जास्त, आणि तेही हीच गाठ पक्की करतं. ज्या घरात बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही त्यांनी बटाटे उकळायलाही प्यायचं फिल्टरचं पाणी घ्यावं. एवढंच.

मग नणंदेचा कच्चा बटाटा का शिजतो? कारण तिच्या भांड्यात आंबट काही नाहीच. रस्सा ती गरमच ओतते. आणि तिकडे मॅरिस पायपर नावाचा पिठूळ बटाटा मिळतो, जो मुळातच लवकर सुटा होतो. मी तिचा साचा घेतला आणि त्यात आपलं दही-टोमॅटो ओतलं, गफलत तिथे झाली.

आता मी काय करते ते सांगते. पाच-सहा माणसांना पुरेल असं प्रमाण आहे, भांडं तीन लिटरचं.

मटण १ किलो, खांदा आणि गर्दन मिळून, दोन-तीन नळ्या मागून घ्यायच्या. नुसती मांडी घेऊ नका, कोरडी पडते. शिवाय आपलं मटण म्हणजे बोकडाचं. तिकडच्या कोकरासारखी त्यात चरबी नसते आणि शिजायला वेळही जास्त लागतो. म्हणून तिकडची "दोन तास ओव्हनमध्ये" ही आज्ञा आपल्याला लागू नाही. मटण कुकरमध्येच शिजवून घ्यायचं आणि ओव्हन फक्त थर एकजीव करायला व वरून भाजायला वापरायचा. मटणाला आलं-लसूण-हळद-मीठ चोळते, दही नाही. जाड बुडाच्या कुकरमध्ये चमचाभर तुपावर तुकडे सगळीकडून तांबूस होईपर्यंत परतते. ही पायरी टाळू नका, सगळी चव इथे तयार होते. एका वेळी सगळं मटण टाकलंत तर पाणी सुटून ते परतण्याऐवजी उकडेल, तेव्हा दोन घाण्यांत. मग तीन मोठे कांदे उभे चिरून त्याच तुपात, दोन चमचे कणीक किंवा मैदा भुरभुरून परतायचा, मिरी, तमालपत्र, आवडत असेल तर दोन लवंगा, अडीच वाट्या गरम पाणी. पाच शिट्ट्या, मग मंद आचेवर दहा मिनिटं. मटण नव्वद टक्के शिजलेलं हवं, हाड हलवलं तर हलावं पण गळून पडू नये. बोकड जून असेल तर दोन शिट्ट्या जास्त, हे तुमचा मटणवाला सांगेल, किंवा सांगणार नाही.

बटाटे १ किलो, सोलून साधारण ४ मिलिमीटर जाडीच्या चकत्या. काचऱ्यांसाठी करतो त्याहून जाड, भज्यांसाठी करतो त्याच्या दुप्पट म्हणा. खळखळत्या, चांगल्या खारट पाण्यात टाकायच्या. गार पाण्यात टाकून तापवत बसायचं नाही, कारण मग त्या त्याच ५५-७० च्या पट्ट्यातून सावकाश चालत जातात. पुन्हा उकळी फुटल्यापासून पाच-सहा मिनिटं. चकतीच्या कडा मऊ, मध्ये सुरीचं टोक किंचित अडलं पाहिजे. चाळणीत ओतून वाफ पूर्ण जाऊ द्यायची, दहा मिनिटं तशाच पसरून. ओल्या चकत्या वर कधीच खरपूस होत नाहीत.

या एका पायरीनं निम्म्याहून जास्त प्रश्न सुटतो. बटाटा आधीच मऊ असेल तर नंतर टोमॅटो पडला तरी त्याचं काही बिघडत नाही, डाळ शिजल्यावर चिंच घालतो तसंच. म्हणजे टोमॅटो सोडायची गरज नाही, फक्त त्याची पाळी बदलायची. मी आता कुकर उघडल्यावर एका टोमॅटोचा रस घालून रस्सा पाच मिनिटं उकळते, आणि मग थर लावते.

थर लावताना रस्सा कडकडीत गरम, चकत्या कोमट. तळाला बटाट्याचा एक थर, मग मटण-कांदा, वर चकत्या कौलांसारख्या एकमेकींवर अर्ध्या चढवून. वरून वितळलेलं लोणी ब्रशनं. झाकण किंवा फॉइल लावून आधी तापवून ठेवलेल्या ओव्हनमध्ये १८० वर ४० मिनिटं, मग उघडून २१० वर २० ते २५ मिनिटं. रात्रीच तयारी करायची असेल तर मटण आणि बटाटे वेगवेगळे ठेवा, सकाळी रस्सा उकळूनच थर लावा.

आणि पाहुणे समोर बसलेत, तुम्ही हे आत्ता वाचताय आणि बटाटा करकरतोय, तर काय? वरचा खरपूस थर उलथन्यानं अलगद उचलून ताटात काढा. उरलेलं सगळं कुकरमध्ये, वाटीभर गरम पाणी, दोन शिट्ट्या. कुकरमध्ये साधारण १२० अंशांपर्यंत जातं, तिथे हट्टी पेक्टिनही वितळतं. होईल तो कॅसरोल राहणार नाही, दाट रस्सा होईल. वाडग्यात वाढा, वर खरपूस चकत्या ठेवा, आणि हे असंच करतात अशा चेहऱ्यानं बसा. मी केलंय. एका पाहुण्यानं कृती मागितली.

तळाशी पाणी साचण्याची तक्रार दुसऱ्या क्रमांकाची. कांदा कच्चा घातला की तो ओव्हनमध्ये पाणी सोडतो, फॉइलखाली वाफ जमून तीही खालीच येते. कांदा आधी परतून घ्या आणि रस्सा भांड्यात जायच्या आधीच आटवा. किती, तर चमच्याच्या पाठीवर बोट ओढलं की रेघ राहावी. त्याची पातळी वरच्या थराच्या तळाला जेमतेम टेकेल इतकीच. चकत्या बुडाल्या की त्या भाजत नाहीत, उकडतात.

वरचं आधी करपत असेल तर बटाटे फ्रिजमध्ये होते का ते आठवा. फार थंडीत बटाट्यातला स्टार्च साखरेत बदलतो. असा बटाटा चवीला गोडसर लागतो आणि आत शिजायच्या आधी वर काळा पडतो. बटाटे टोपलीत, अंधारात, कांद्यापासून लांब.

बटाट्याच्या जातीवर मी एके काळी फार वेळ घालवला. आपल्याकडच्या बहुतेक जाती शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या, म्हणून नावाआधी कुफरी (शिमल्याजवळचं गाव, संस्थेचं केंद्र तिथे आहे) लागतं: ज्योती, पुखराज, चिप्सोना. पुखराज पाणीदार, तो रस्साभाजीला बरा. चिप्सोना वेफरवाल्यांसाठी काढलेला, त्यात घन अंश जास्त आणि साखर कमी, त्यामुळे वर छान रंग येतो. पण भाजीवाल्याला जात विचारली तर तो "इंदूर" किंवा "आग्रा" म्हणतो, त्यामुळे माहितीचा उपयोग मर्यादित. त्यापेक्षा मिठाच्या पाण्याची परीक्षा करा. ११ वाट्या पाण्यात १ वाटी मीठ विरघळवा, बटाटा सोडा. बुडला तर पिठूळ, तरंगला तर चिकट. कॅसरोलच्या तळाला चिकट चालतो, आकार धरतो. वर मात्र बुडणारा घ्या.

राहिला आंबटपणा. माझ्या घरी त्याच्याशिवाय मटण खपत नाही. नणंदेला फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा ती हसायलाच लागली. म्हणाली, "वहिनी, इथे हॉटपॉटबरोबर व्हिनेगरमध्ये मुरवलेला लाल कोबी देतात, मी तुला तेव्हा वाढला होता की. तू तो लोणचं समजून बाजूला सारलास." आता आमच्याकडे भांड्याशेजारी पातळ चिरलेला कांदा असतो, मीठ लावून चुरलेला, वर एका लिंबाचा रस. अर्धा तास आधी करून ठेवायचा, म्हणजे तो गुलाबी होतो. तोवर ओव्हनमधून काढलेलं भांडंही पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं, नाहीतर पहिल्याच डावाला सगळे थर कोसळतात.